व्याह्यांसाठी एक एन्का
(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या कराओके मंडळापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात मुकेश, किशोर, रफी भरपूर आहेत. म्हणून सेक्रेटरी म्हणाले, काका, तुम्ही ते जपानी प्रकरण सांगा. तर प्रकरण असं, की माझी सून जपानी. तोक्योत निशिकासाईला राहतात दोघं. व्याही मूळचे उत्तरेकडच्या इवातेचे, तरुणपणी नोकरीसाठी तोक्योत आलेले. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जपानी येत नाही. येत्या वसंतात त्यांना 77 पूर्ण होतात. या वाढदिवसाला तिकडे ‘किजु’ म्हणतात आणि तो मानाचा असतो. त्या दिवशी त्यांच्यासमोर एक एन्का म्हणायचं मी ठरवलंय. दोन म्हातारे समोरासमोर बसून नुसता चहा किती वेळ पिणार?

एन्काचं मूळ गंमतीचं आहे. मेइजी काळात राजकीय भाषणांवर बंधनं होती, तेव्हा तीच भाषणं गाण्यात घालून रस्त्यावर म्हणायचे. आजचं एन्का मात्र वेगळं: बंदर, पाऊस, बर्फ, साकेचा पेला, दुरावलेलं माणूस आणि मागे राहिलेलं गाव. गाणारा सूट किंवा किमोनो घालून अगदी सरळ उभा राहून गातो आणि ऐकणारे डोळे पुसतात.

आपल्याला हे सोपं का जातं, ते ऐका. पुष्कळ एन्का पाचच स्वरांत असतात. मध्यम आणि निषाद गाळायचे, की उरतो सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. दुसऱ्या प्रकारात गंधार-धैवत कोमल. शिवरंजनीचा धैवत कोमल केला की झालं. आवाजाला जो झटकन वळसा देतात त्याला ‘कोबुशी’ म्हणतात. आपल्या मुरकीची चुलत बहीण समजा. पण नवशिक्यानं तिच्या नादी लागू नये. आधी सूर सरळ लावा. मुरक्या आपल्याला येतात म्हणून पेरत सुटलात, तर ते नाट्यगीत होईल.

उच्चारांत तर आपण नशीबवान. ‘त्सु’ म्हणताना इंग्रजीवाले अडखळतात. आपल्याकडे ‘चमचा’तला च आहेच. मी सगळं गाणं देवनागरीत लिहून घेतलं. रोमन लिपीपेक्षा शंभर पटींनी बरं. एकच पथ्य: प्रत्येक अक्षराला सारखा वेळ द्यायचा आणि ‘न्’लासुद्धा स्वतःची मात्रा द्यायची. ‘एन्का’ म्हणजे ए-न्-का, तीन मात्रा.

आता निवड. इशिकावा सायुरीचं ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’ (1977) ऐकायला अप्रतिम. रात्रीच्या गाडीनं आओमोरीला उतरून बोटीवर चढणाऱ्या बाईचं गाणं. (ती बोटसेवा 1988 मध्ये समुद्राखालच्या बोगद्यामुळे बंद झाली, गाणं चालूच आहे.) पण शेवटी सूर असा चढतो, की आपण खोकायला लागतो. मिसोरा हिबारीचं ‘कावा नो नागारे नो यो नि’ (1989) सगळ्यांना आवडतं, पण कडवं खोल खाली आणि धृपद उंच. ते पुढच्या वर्षासाठी ठेवा. किताजिमा साबुरोचं ‘योसाकु’ (1978) लाकूडतोड्याचं. शब्द अगदी थोडे, पाठांतराची कटकट नाही, फक्त श्वास लांब हवा. प्राणायाम करणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं.

आणखी एक. तिकडे प्रत्येकाचं एक ठरलेलं गाणं असतं, त्याला ‘ओहाको’ म्हणतात. दुसऱ्याचं ओहाको आपण आधी उरकून टाकायचं नाही. मी सुनेकडे आधीच चौकशी केली. व्याह्यांचं ओहाको ‘फुनाउता’. म्हणून ते माझ्या यादीतून बाद.

माझी निवड ‘कितागुनि नो हारु’, म्हणजे उत्तरेचा वसंत. 1977 चं, सेन मासाओचं, आणि तोही इवातेचाच. स्वर भुपाचे, चाल संथ, तिन्ही कडव्यांना एकच चाल. एक बसलं की तिन्ही बसली. शहरात नोकरी करणाऱ्या माणसाला आई गावाहून पार्सल पाठवते, तेव्हा त्याला गावाकडचा वसंत आठवतो. तिसऱ्या कडव्यात वडील आणि थोरला भाऊ येतात. दोघंही अबोल. कधीतरी एकत्र बसून थोडी घेत असतील का, असं त्याला वाटतं. सुनेनं अर्थ सांगितला आणि म्हणाली, बाबांनाही आजी अशीच पार्सलं पाठवायची. ती नंतर थोडा वेळ काही बोलली नाही. मीही पुढचं विचारलं नाही.

ज्यांची मुलं परदेशी आहेत, ते आपणही पोस्टात भाजणी, मेतकूट घेऊन उभे राहतोच की.

तिथल्या मशीनवर पट्टी खाली-वर करायची बटणं असतात. लाजू नका, दोन घरं खाली घ्या. मी तीन घेतो. गुण देणारी सोयही असते, ती कोबुशीसुद्धा मोजते. ती मात्र बंद ठेवा. या वयात परत अप्रेझल कशाला?

पहिलं आणि तिसरं कडवं पाठ झालंय. दुसऱ्यात, एकमेकांना सांगायचं राहून गेलेल्या प्रेमाची गोष्ट आहे, तिथे अजून श्वास कमी पडतो. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता क्लब हाऊसमध्ये सराव असतो. तबला नको, टाळ्या चालतील. या.