एलडीएल : मोजलेलं की मांडलेलं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या वयाची माणसं जमली की नोकरी, पोरंबाळं झाल्यावर गाडी रिपोर्टवर येतेच. मी जन्मभर लॅबमध्ये काढला, म्हणून संयोजकांनी दिलेली पाच मिनिटं त्यावरच घालवतो.

लिपिड प्रोफाइलमध्ये एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स यंत्र मोजतं. पण ज्याच्यावर गोळी ठरते ते एलडीएल पुष्कळदा मोजलेलं नसतं, वजाबाकीनं काढलेलं असतं. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिक्सन यांनी ही रीत दिली : एकूणातून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करा. तेव्हा एलडीएल खरं मोजायचं तर नमुना अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये तासन्‌तास फिरवावा लागे. वजाबाकी स्वस्त, त्यामुळे जगभर चालली. बहुतेकांना ती पुरतेही.

घोळ आहे त्या पाचात. ट्रायग्लिसराइड्स वाढले की ५ हा भाजक अपुरा पडतो, वजा जास्त होतं आणि एलडीएल खोटं कमी दिसतं. ४०० च्या पुढे ही रीत वापरूच नये, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. पण त्याच्या अलीकडेही गडबड होते. समजा एकूण २००, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड्स ३५०. पाचाने भागलं तर एलडीएल ९५. सातानं भागलं तर ११५! मधुमेह असलेला माणूस ९५ बघून निर्धास्त होतो. आणि आपल्याकडे मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, कमी एचडीएल हे त्रिकूट घरोघरी आहे. मावळातला इंद्रायणी भात आणि लोणावळ्याची चिक्की मी कुणाला सोडायला सांगत नाही, पण प्रमाण आपलं आपल्याला ठाऊक असतं.

२०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १३ लाखांवर नमुने तपासून माणसागणिक बदलणारा भाजक दिला. २०२० मध्ये सॅम्पसन यांचं सूत्र आलं, ते ८०० ट्रायग्लिसराइड्सपर्यंत चालतं. मग सरळ ‘डायरेक्ट’ एलडीएलच का करू नये? करावं, ट्रायग्लिसराइड्स फार असतील तर जरूर विचारावं. पण तेही ब्रह्मवाक्य नव्हे. प्रत्येक कंपनीचं रसायन वेगळं, आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त असलेल्या रक्तात त्यांची उत्तरंही जुळत नाहीत. त्यामुळे एकदा लोणावळ्यात वजाबाकीचं आणि एकदा लोकलनं पुण्याला जाऊन डायरेक्ट, असे दोन आकडे शेजारी ठेवून ‘वाढलं’, ‘उतरलं’ म्हणू नका. आणि त्यावरून परस्पर गोळी तर मुळीच बंद करू नका.

आपले गणिताचे सर रीत लिहिली नाही तर गुण कापायचे. लॅबलाही तेच विचारा : मोजलंत की काढलंत, आणि कोणत्या सूत्रानं?

आणखी एक आकडा घरी काढता येतो, त्याला उपाशीपोटी रक्त द्यायचीही गरज नाही. एकूणातून एचडीएल वजा केलं की नॉन-एचडीएल. डॉक्टरांनी एलडीएलसाठी जी मर्यादा सांगितली असेल, तिच्यात ३० मिळवा, ती याची मर्यादा. मघाच्या माणसाचं नॉन-एचडीएल १६५ येतं. त्याला १०० ची मर्यादा दिली असेल, तर ९५ ने तो पास होता. १३० शी ताडून पाहिलं तर नापास.