इंग्रजी वाक्यांतील नामाची ओळख

गोमाई नदीच्या कांठीं वसलेल्या शहाद्याच्या एखाद्या शाळेंत इंग्रजीचा तास चालू आहे, अशी कल्पना करावी. फळ्यावर वाक्य लिहिलें आहे : 'द फार्मर्स वॉटर द कॉटन.' यांतील नामें ओळखावयाचीं आहेत. शेतकऱ्याचा मुलगा उठून 'फार्मर्स, वॉटर, कॉटन' अशीं तीन नामें सांगतो. 'वॉटर' हें येथें क्रियापद असल्यामुळें उत्तर चुकतें आणि मुलगा मठ्ठ ठरतो. वस्तुतः त्यानें पाठ केलेली व्याख्या तंतोतंत पाळलेली असते. व्यक्ति, स्थळ किंवा वस्तु यांचें नांव तें नाम. मग पाणी ही वस्तु नव्हे काय? दोष व्याख्येचा आहे, मुलाचा नव्हे.

मराठींत असा घोटाळा सहसा होत नाहीं. आपला शेतकरी कापसाला पाणी भरतो. तेथें 'पाणी' नामच राहतें व क्रियेचा भार 'भरणें' उचलतें. शिवाय 'कापूस' याचें 'कापसा' असें सामान्यरूप होऊन त्यास 'ला' प्रत्यय लागतो. म्हणजे नामाची खूण त्याच्या अंगावरच असते. घरीं अहिराणी बोलणारें मूल 'घरांत' याला 'घरमा' आणि 'मला' याला 'माले' म्हणतें. प्रत्यय निराळे, रीत तीच.

इंग्रजी शब्दाच्या अंगावर अशी खूण बहुधा नसते. त्याची जात त्याच्या जागेवरून ओळखावी लागते. पण दोन्ही व्याकरणांत नांवें सारखीं असल्यानें खुणाही सारख्याच असाव्यात असा समज होतो. यास्काच्या निरुक्तांत नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच वर्ग आहेत. मराठीच्या आठ जाती इंग्रजीच्या नमुन्यावरून आल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं प्रसिद्ध केलेलें व्याकरणही त्याच धर्तीचें आहे. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवितात, तेव्हां घरची बोली, शाळेची मराठी आणि इंग्रजी हीं तिन्हीं त्या कोवळ्या मुलापुढें एकदम उभीं राहतात.

मग खूण कोणती सांगावी? शब्दाच्या अगोदर 'द', 'धिस' किंवा 'माय' ठेवून पहावें. 'द फार्मर्स वॉन्ट वॉटर' यांत 'द वॉटर' म्हणतां येतें. पहिल्या वाक्यांत तसें केल्यास वाक्यच मोडतें. उलट तेथें काळ बदलून 'वॉटर्ड' म्हणतां येतें, व हें रूप घेणारा शब्द त्या ठिकाणीं नाम नव्हे. शेवटच्या 'स'वर मात्र विसंबूं नये. 'शी प्लांट्स प्लांट्स' या वाक्यांत तो दोन्हीं शब्दांस आहे. पहिला क्रियापदाचा, दुसरा अनेकवचनाचा. आपलें शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतें, इंग्रजींतील 'इन', 'ऑफ' हे शब्द अगोदर येतात. त्यांच्यानंतर नामाची वाट पहावी.

आतां एक अवघड उदाहरण. कापूस विकावयाचा तर 'कॉटन मार्केट' गांठावें लागतें. आपण 'कापसाचा बाजार' म्हणतों, तेव्हां 'चा' सर्व कांहीं सांगून टाकतो. इंग्रजींत 'कॉटन' नुसतेंच 'मार्केट'पुढें उभें आहे. कांहीं पुस्तकें त्यास विशेषण म्हणतात, कांहीं नामच मानितात. 'व्हेरी गुड' होतें, 'व्हेरी कॉटन' होत नाहीं, हें पाहतां नाम म्हणणारांचा पक्ष बळकट दिसतो. परीक्षेपूर्वीं मात्र शिक्षकानें कोणता पक्ष धरला आहे, तें मुलांस सांगून ठेवावें.