यंत्राशीं मराठींत संवाद

दुभाष्या हा शब्द मुंबईला नवा नाहीं. कोर्टांत, बंदरांत, दवाखान्यांत, जेथें जेथें दोन भाषांचीं माणसें समोरासमोर येतात, तेथें तेथें या शहरानें दुभाष्याची वाट पाहिली आहे. संगणकाच्या जगांतहि असाच एक दुभाष्या असतो. त्याला ‘इंटरप्रिटर’ म्हणतात. तो माणसानें लिहिलेली एक ओळ घेतो, ती यंत्राला समजावून देतो, यंत्राचें उत्तर माणसाला सांगतो, आणि पुढच्या ओळीची वाट पाहात बसतो. असा दुभाष्या स्वतः तयार कसा करावा, आणि तो तयार करतांना मराठी माणसापुढें कोणती अडचण उभी राहते, याचा विचार आज करावयाचा आहे.

आरंभीं यंत्राशीं संभाषण नव्हतेंच. मुंबईच्या उपनगरांत या विद्येचें मोठें पीठ म्हणजे पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था. १९५८ सालीं तिचे वर्ग वरळीस तात्पुरत्या जागेंत सुरू झाले. पवईस पंडित नेहरूंनीं १० मार्च १९५९ रोजीं कोनशिला बसविली. युनेस्कोच्या द्वारा सोव्हिएत रशियाचें साहाय्य या संस्थेस मिळालें, आणि त्याच ओघांत ‘मिन्स्क–२’ नांवाचा संगणक तेथें आला. तिकडे कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं ‘सीडीसी ३६००’ हें अमेरिकन यंत्र बसलें. हीं यंत्रें हिशेबांत तरबेज खरीं, परंतु बोलकीं नव्हेत. आज्ञा भोंकें पाडलेल्या कार्डांवर उतरवावयाच्या, कार्डांची चळत यंत्राच्या रखवालदारांच्या स्वाधीन करावयाची, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचें, आणि मग छापील कागद हातीं घ्यावयाचा, अशी त्या काळची सर्वत्र रीत होती. एखादा स्वल्पविराम राहिला असला तर उत्तराऐवजीं चुकीची नोंद हातीं येई, आणि सारी यात्रा पुन्हां पहिल्यापासून.

हा पत्रव्यवहार मोडून त्याचें संभाषण करण्याची खटपट त्याच दशकांत अमेरिकेंत झाली. पीटर डॉइच नांवाच्या, विशीहि न गांठलेल्या मुलानें ‘पीडीपी–१’ या यंत्रासाठीं ‘लिस्प’ भाषेचा दुभाष्या लिहिला. एक ओळ टंकावी आणि तिचें उत्तर तेथल्या तेथें मिळावें, अशी त्याची रचना होती. १९६४ सालीं तिचें वर्णन छापून प्रसिद्ध झालें. मुलांच्या वयावरून त्यांची योग्यता ठरविणाऱ्यांनीं हें उदाहरण विसरूं नये. या रचनेचीं अंगें चार : ओळ वाचणें, तिचा अर्थ लावून ती अमलांत आणणें, उत्तर छापणें, आणि फिरून पहिल्या पायरीवर येणें. जात्यावर बसलेली बाई मूठ मूठ दाणे सोडते आणि खुंटा फिरवीत राहते, तसें हें चक्र आहे. मात्र दाणे संपले म्हणून हें जातें आपोआप थांबत नाहीं. त्याची कथा पुढें येईल.

आज असा दुभाष्या तयार करण्यास सर्वांत सोयीची भाषा म्हणजे पायथन. नेदर्लंड्सच्या गीडो व्हान रॉसम यांनीं ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली. ती जन्मतःच बोलकी आहे. तिला हांक मारली कीं पडद्यावर तीन कोनाकृति खुणा उमटतात आणि ती वाट पाहूं लागते. पवईच्याच संस्थेंतील ‘फॉसी’ या प्रकल्पानें आणि ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या त्याच्या जोडीच्या उपक्रमानें पायथनचें शिक्षण देशभरच्या महाविद्यालयांत नेलें. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेले हे बोलके पाठ अनेक भारतीय भाषांत उतरविण्यांत आले, त्यांत मराठीहि आहे. ‘फॉसी’च्या परीक्षा घेणाऱ्या साधनाचें नांव ‘यक्ष’. नांव ऐकतांच सरोवराच्या कांठीं पांडवांना अडविणारा यक्ष आठवावा, आणि सरोवर तर पवईलाहि आहेच! फरक इतकाच, कीं त्या यक्षाला न जुमानणारे चौघे भाऊ निश्चेष्ट पडले. हा यक्ष चुकलेल्यास चूक लगेच दाखवितो आणि पुन्हां उत्तर देऊं देतो. चुकण्याची किंमत अशी अल्प झाली म्हणजे भित्रा विद्यार्थीहि प्रयोग करूं लागतो. संवादी यंत्राचा खरा गुण हाच होय.

आतां प्रत्यक्ष बांधणी पाहूं. समजा, मुलुंडच्या एका लहानशा वाचनालयांत संध्याकाळीं दोन तास एक वृद्ध गृहस्थ बसतात. आयुष्यभर त्यांनीं मोडी व बाळबोध दोन्ही लिपींत खतावणी लिहिली. इंग्रजी त्यांना फारसें येत नाहीं. त्यांच्यासाठीं बोरिवलीच्या एखाद्या तरुणास असें साधन करावयाचें आहे, कीं ‘शोध’ म्हटल्यावर पुस्तक सांपडावें, ‘दे’ म्हटल्यावर तें सभासदाच्या नांवावर चढावें, ‘परत’ म्हटल्यावर उतरावें, ‘जमा’ म्हटल्यावर वर्गणी नोंदली जावी, आणि ‘पुरे’ म्हटल्यावर काम थांबावें.

पायथनबरोबरच ‘सीएमडी’ नांवाचें एक तयार उपकरण मिळतें. तें निराळें आणावें लागत नाहीं. वाचणें, अर्थ लावणें, छापणें, फिरणें हें सारें चक्र त्यांत आयतें आहे. तरुणानें फक्त प्रत्येक आज्ञेसाठीं एक कृति लिहावयाची आणि तिच्या नांवाआधीं ‘डू’ व एक अधोरेषा जोडावयाची. ‘डू_शोध’ ही कृति असली कीं ‘शोध’ ही आज्ञा आपोआप अस्तित्वांत येते. आज्ञेपुढें जें कांहीं टंकलें असेल तें जसेंच्या तसें त्या कृतीच्या हातीं पडतें. योजना इतकी साधी आहे कीं हुशार मुलगा ती एका दुपारीं पुरी करील.

आणि येथेंच गाडें अडतें. सर्व कांहीं यथासांग लिहून तो तरुण ‘शोध’ असें टंकतो, तर यंत्र इंग्रजींत कळवितें, ‘अननोन सिन्टॅक्स’, म्हणजे ही रचना अपरिचित आहे. कृति तर लिहिलेली आहे! पायथनला मराठी नांवें वर्ज्य आहेत असेंहि नाहीं. डिसेंबर २००८ मध्यें आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नांवें चालतात. इतकेंच नव्हे, तर ‘२७’ हा आंकडा देवनागरींत लिहून त्याची संख्या करावयास सांगितलें तर पायथन तें विनातक्रार करते. अंक समजतात, नांवें समजतात, मग आज्ञाच कां समजूं नये?

कारण शोधतां सांपडतें तें असें. टंकलेल्या ओळींतील आज्ञा कोठें संपली आणि पुढचा मजकूर कोठें सुरू झाला हें ठरविण्यासाठीं या उपकरणाजवळ अक्षरांची एक यादी आहे. इंग्रजीचीं २६ लहान अक्षरें, २६ मोठीं, १० अंक आणि एक अधोरेषा, एकूण ६३ चिन्हें. ओळीच्या आरंभापासून या यादींतील चिन्हें जोंवर येतात तोंवर ती आज्ञा. ‘श’ हें अक्षर यादींत नाहीं, तेव्हां आज्ञेची लांबी शून्य भरते, आणि शून्य लांबीची आज्ञा अपरिचित ठरते. यंत्राला मराठी येत नाहीं असा याचा अर्थ नव्हे. दारावरच्या नांवांच्या फळीवर मराठीचें नांव लिहिलेलें नाहीं, इतकेंच. आणि ही फळी बदलण्याचा अधिकार दुभाष्या लिहिणाराला आहे. पण मुलुंडच्या त्या गृहस्थांना हें कोण सांगणार? त्यांची समजूत एवढीच होईल कीं चूक आपली आहे, आपल्या भाषेची आहे. पुष्कळ भल्या माणसांनीं संगणकाकडे पाठ फिरविली ती अशा समजुतीनेंच, हें म्हणणें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

फळी बदलतांना आणखी एक खांच आहे. यादींत ‘जीं अक्षरें म्हणून ओळखलीं जातात तीं सर्व’ घालावीं असें पुष्कळांना सुचतें. परंतु पायथनच्या लेखीं ‘शोध’ हा दोन अक्षरांचा शब्द नसून तीन चिन्हांचा आहे : श, ओकाराची मात्रा, आणि ध. मात्रेला ती ‘अक्षर’ म्हणत नाहीं. म्हणून या युक्तीनें आज्ञा ‘श’ एवढीच धरली जाते, आणि बिचारी मात्रा ‘ध’ला घेऊन पुढच्या मजकुरांत जाऊन पडते. बाराखडी ज्यानें पाटीवर गिरविली आहे त्याला स्वर व्यंजनापासून असा तोडलेला पाहून गंमतहि वाटेल आणि रागहि येईल. उपाय असा, कीं जागतिक लिपिसंकेतांत देवनागरीसाठीं राखलेली २३०४ पासून २४३१ पर्यंतचीं १२८ स्थानें सबंधच यादीला जोडावीं. त्यांत मात्रा, अनुस्वार, हलन्त सारें येतें. ही भर एका ओळीची आहे. ती घातल्याबरोबर ‘शोध’ म्हणतांच पुस्तक सांपडतें. पुष्कळ टर्मिनलांच्या पडद्यावर जोडाक्षरें नीट जुळून दिसत नाहींत हें खरें. पण तो डोळ्यांचा त्रास, कानांचा नव्हे.

यापुढील अडचणी सर्व भाषांना सारख्याच आहेत, तथापि त्यांतील एक इतकी घातक आहे कीं तिच्यावर थोडें थांबलें पाहिजे. कांहीं न लिहितां नुसतें ‘एन्टर’चें बटण दाबलें तर काय व्हावें? शहाणा माणूस म्हणेल, कांहींच होऊं नये. ‘सीएमडी’ उपकरण मात्र अशा वेळीं मागची आज्ञा पुन्हां पाळतें. शोधाच्या बाबतींत यानें बिघडत नाहीं. पण ‘जमा २७ १००’ अशी आज्ञा देऊन सभासद क्रमांक २७ चे १०० रुपये नोंदले, आणि बोलतां बोलतां बोट पुन्हां बटणावर पडलें, तर वहींत २०० रुपये जमा होतात. पेटींत १०० आणि वहींत २००! खतावणींत जन्म घालविलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडण्यास एवढें पुरे आहे. कोऱ्या ओळीसाठीं ‘कांहीं करूं नये’ एवढेंच सांगणारी निराळी कृति लिहिली कीं हें टळतें. पैशाचा व्यवहार असलेल्या साधनांत ती न लिहिणें हा निष्काळजीपणाच म्हणावा लागेल.

दुसरा मोह आळसाचा. ओळीचा अर्थ लावण्याचे कष्ट नकोत म्हणून कित्येक जण टंकलेला मजकूर जसाच्या तसा पायथनच्या ‘इव्हॅल’ या क्रियेच्या हवालीं करतात. ती क्रिया जें सांगाल तें करते, आणि कोणीहि सांगितलें तरी करते. पुस्तकाच्या नांवाऐवजीं कोणी साऱ्या फाइली पुसण्याची आज्ञा लिहिली तर तीहि पाळते. पाहुण्याला पाणी हवें असेल तर पेला द्यावा. किल्ल्यांचा जुडगा देऊं नये.

पुस्तकांचीं नांवें एका शब्दाचीं असतील तर सोपें. पण हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी २७ क्रमांकाच्या सभासदास द्यावयाची म्हटली, तर नांव कोठें संपतें हें यंत्रास कसें कळावें? त्यासाठीं ‘शलेक्स’ नांवाचें दुसरें उपकरण आहे. अवतरणचिन्हांत घातलेले शब्द तें एकत्र बांधून देतें. चिन्हें मात्र सरळ हवींत. छापखान्यांतलीं बांकदार चिन्हें तें ओळखीत नाहीं. आणि सभासद क्रमांकाच्या जागीं कोणी ‘सत्तावीस’ असें अक्षरांत लिहिलें, तर संख्या करतांना यंत्र अडखळतें आणि सारें संभाषण कोसळून पडतें. म्हणून ती चूक कृतीनेंच झेलावी आणि ‘क्रमांक अंकांत लिहावा’ असें नम्रपणें सांगावें.

जातें थांबविण्याची रीत राहिली. एखाद्या कृतीनें ‘होय’ या अर्थाचें मूल्य परत केलें कीं चक्र थांबतें. ‘डू_पुरे’ एवढेंच करते. परंतु यंत्राकडे येणारी ओळींची धारच तुटली, जसें आज्ञा फाइलींतून दिल्या आणि फाइल संपली, तर उपकरण त्या समाप्तीलाहि एक आज्ञा समजतें, तिची कृति शोधतें, ती सांपडली नाहीं म्हणून ‘अननोन सिन्टॅक्स’ म्हणतें, आणि पुन्हां वाचावयास जातें. पुन्हां समाप्ति, पुन्हां तेंच वाक्य. दाणे नसलेलें जातें रात्रभर घरघरत राहतें. ‘ईओएफ’ या नांवाची कृति लिहून तिच्याकडूनहि ‘होय’ वदवावें.

सरतेशेवटीं मदतीची सोय. प्रत्येक कृतीच्या आरंभीं तिचा अर्थ मराठींत एका वाक्यांत लिहून ठेवला, तर तेंच वाक्य वापरणाराला मदत म्हणून दाखविलें जातें. आज्ञांच्या यादीचा मथळा इंग्रजी असतो, तोहि बदलतां येतो; ‘अननोन सिन्टॅक्स’च्या जागीं ‘ही आज्ञा ओळखीची नाहीं; मदत असें लिहून पाहावें’ हें वाक्य घालतां येतें. ‘हेल्प’ या कृतीला ‘मदत’ हें दुसरें नांव दिलें कीं यादी पुढें येते : जमा, दे, परत, पुरे, मदत, शोध. लिपिसंकेतांतील स्थानें वर्णमालेच्या क्रमानें असल्यामुळें हा अनुक्रम आपोआपच बरोबर लागतो. ‘हेल्प’ हा शब्द मात्र या सर्वांच्या आधीं उभा असतो.