नदीच्या वाट्याचे पाणी



मी पाणीतज्ज्ञ नाही, बँकेतला कारकून आहे. पण आमचे गाव पैठणच्या खाली गोदाकाठी, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

धरण म्हणजे पाप, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. दामोदर खोरे योजनेची आखणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. १९७६ साली जायकवाडी झाले, मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात कालवे आले. छत्रपती संभाजीनगर, जालना ही शहरे आज तेच पाणी पितात. हे विसरून चालणार नाही.

परंतु नदीचे काय झाले? वडील सांगत, धरणापूर्वी उन्हाळ्यात धार बारीक व्हायची, पण तुटत नसे. मी पाहिली ती नदी निराळी. दरवाजे उघडले की पूर. एरवी बंधाऱ्यामागे साचलेले हिरवट पाणी आणि मध्ये वाळूउपशाचे खड्डे. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, विष्णुपुरी, बाभळी अशी बंधाऱ्यांची रांगच आहे. पाणी वाहत नाही म्हणून सांडपाणी विरत नाही, जलपर्णी माजते. विणीसाठी वर चढणारा मासा भिंतीपाशी अडतो. माझ्या एका भोई वर्गमित्राच्या ओसरीवर जाळी टांगलेली असायची. आज तो एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहे.

वाटपाची भांडणे पुष्कळ झाली. २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरविले, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे. आमच्यावरचा अन्याय काहीसा दूर झाला. पण हा हिशेब धरणाधरणांतला, भिंतीखालच्या पात्राचा नव्हे. बाभळीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. तेही खालच्या राज्याच्या वाट्याचे!

बचत खात्यात किमान शिल्लक ठेवा म्हणून आम्ही खातेदाराच्या मागे लागतो. नदीच्या खात्याला ती कोणी विचारायची? गंगेसाठी केंद्र सरकारने २०१८ साली अधिसूचना काढली: उगमाकडून हरिद्वारपर्यंत नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत किमान २० टक्के प्रवाह नदीत राहू द्यावा. आमच्याकडची म्हातारी माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या अधिसूचनेत मात्र ही गंगा नाही.