अठराव्या वर्षीची रक्ततपासणी

(हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्या काशीयात्रेत, मुन्शी घाट, वाराणसी येथे मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



ज्या पायऱ्यांवर आपण बसलो आहोत तो घाट नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने ओळखला जातो. शेजारचा भाग पुढे दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला आणि त्याला दरभंगा घाट हे नाव मिळाले. आज सकाळी या पायऱ्या चढताना आपल्यापैकी कित्येकांनी दोन-तीनदा थांबून मागे वळून गंगा पाहिली. गंगा पाहण्यासारखीच आहे. पण काहींना दम लागला होता, हेही माझ्या नजरेतून सुटले नाही. म्हणून आज शाळेच्या इतिहासाऐवजी या विषयावर बोलते.

नागपूरचे नाव निघालेच आहे. हृदयविकाराच्या झटक्याची कारणे शोधणारा 'इंटरहार्ट' हा अभ्यास ५२ देशांत झाला. त्यातील दक्षिण आशियाई रुग्णांचा वेगळा विचार करणारा निबंध नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. आपल्या भागातील पाच देशांतले, पहिलाच झटका आलेले १,७३२ रुग्ण त्यात होते. त्यांचे सरासरी वय ५३ वर्षे होते. इतर देशांतील रुग्णांचे ५८.८. म्हणजे आपल्याकडच्या रुग्णांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरीने बराच लहान वयात आला.

हा आकडा मी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून वाचते. दहावीतील मुलांचे वडील साधारणपणे पंचेचाळीस ते पन्नास वर्षांचे असतात. हजेरीपटावर वडिलांच्या नावामागे मध्येच 'कै.' लिहावे लागते, तेव्हा लेखणी जड होते. आणि पुष्कळदा घरची मंडळी सांगतात, 'त्यांना काही त्रास नव्हता हो.' त्रास नव्हता हे खरेच असते. रक्तातील बदल वर्षानुवर्षे निमूटपणे चाललेले असतात. ते दिसतात तपासणीत.

कोणती तपासणी? पहिली लिपिड प्रोफाइल. अहवालात एलडीएलचा आकडा बरा दिसला की आपण कागद घडी करून ठेवतो. परंतु आपल्या लोकांत एलडीएल फारसे वाढलेले नसतानाही एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त, असे चित्र वारंवार आढळते. यासाठी एक वजाबाकी करावी : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. धमन्यांना अपाय करणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल या बाकीत येते. ही बाकी सर्वसाधारण निरोगी माणसात १३० च्या आत असावी. मधुमेह किंवा आधीचा हृदयविकार असेल तर मर्यादा आणखी खाली येते आणि ती डॉक्टरच ठरवतील. दुसरी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी. ५.७ पासून सावध व्हावे, ६.५ ला मधुमेह धरतात. मात्र लोहाच्या अभावाने रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवा ठरू शकतो, हे आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

तिसरी तपासणी अनेकांच्या कानावरही आलेली नसेल : लायपोप्रोटीन ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ साली हा घटक शोधला. त्याचे प्रमाण मुख्यतः आईवडिलांकडून येते आणि जन्मभर फारसे बदलत नाही, म्हणून सामान्यतः आयुष्यात एकदा तपासले तरी पुरते. ते ५० मिलिग्रॅमच्या वर निघाले तर भावंडांना आणि मुलांना अवश्य कळवावे. वाटणीपत्रावर न येणारा हा वारसा आहे.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली मार्गदर्शक सूत्रे जाहीर केली. पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करावी, घराण्यात अकाली हृदयविकार असेल तर त्याही आधी, असे त्यांत म्हटले आहे. त्यासाठी उपाशी राहण्याचीही गरज नाही. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले दिसले तरच उपाशीपोटी पुन्हा पाहतात. अठरावे वर्ष म्हणजे बारावीच्या निकालाचे. त्या वर्षी आपण मुलांचे किती कागद जमा करतो!

रक्तात सारेच दिसते असे मात्र नाही. रक्तदाब तिथे दिसत नाही, तो दंडाला पट्टा बांधूनच मोजावा लागतो. तंबाखूची पुडी लिपिडच्या अहवालात येत नाही. 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातींतील साठ-सत्तर चाचण्यांची मला तरी भुरळ पडत नाही. मोजक्या चाचण्या आणि तो कागद घेऊन डॉक्टरांपुढे बसण्याचा अर्धा तास अधिक मोलाचा.

आणि एक भेद नीट ध्यानात घ्यावा. मी सांगितलेल्या तपासण्या पुढील वर्षांचा धोका सांगतात, आजचा झटका नव्हे. छातीवर दाब आला, दरदरून घाम फुटला, कळ हातात वा जबड्यात गेली, तर पॅथॉलॉजीच्या रांगेत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. तिथे आधी ईसीजी काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे ट्रोपोनिन या वेगळ्या रक्तचाचणीने पाहतात. स्त्रियांत कधी नुसता थकवा, मळमळ किंवा धाप एवढेच दिसते आणि घरात त्याला 'पित्त' म्हणतात.

पालकसभेत मी विचारते तेव्हा वडिलांची साखर किती, हे आईला तोंडपाठ असते. स्वतःची विचारली की त्या हसतात. परत गेल्यावर दोघांनी एकाच दिवशी, एकत्र जाऊन रक्त द्यावे. आणि घरात अठरा वर्षांचे मूल असेल तर त्यालाही बरोबर न्यावे.