वीरगळ खालून वर वाचा

बोरिवली पश्चिमेच्या एक्सरमध्ये शिलाहार राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत. माणसाहून उंच काळे पाषाण, त्यांवर एकावर एक कोरलेले पट्टे. लोक येतात, जहाजं बघतात, फोटो काढतात आणि निघून जातात. याचंच मला वाईट वाटतं.

अहो, वीरगळ म्हणजे आपल्या सोसायटीची इमारत समजा. तळमजल्यावर लढाई: निमुळत्या नाळेची जहाजं, वल्ह्यांची ओळ, पाण्यात पडणारी माणसं. पण राहायची घरं वर आहेत! जिना चढा. वर शिवलिंगाची पूजा चाललेली दिसेल. त्याच्या वर कैलास, अप्सरा, गंधर्व. आणि गच्चीवर कलश, दोन्ही बाजूंनी हार घेऊन उडत येणाऱ्या आकृती. तळमजल्यावर पडलेला वीर वर पोचला, हे सांगायला हा दगड उभा केला. तुम्ही तळमजल्यावरूनच परत फिरलात, तर वीर पाण्यातच राहिला की!

मेलेल्याच्या पुढच्या प्रवासाची काळजी इजिप्तनेही केली. 1922 साली सापडलेल्या तुतनखामूनच्या थडग्यात 413 छोट्या मूर्ती होत्या. परलोकात शेतीचं काम निघालं, तर राजाऐवजी त्यांनी राबायचं. काहींच्या हातात कुदळसुद्धा आहे. पण त्या राजासाठी होत्या, दार बंद करून अंधारात ठेवलेल्या. वीरगळ म्हणजे थडगं नव्हे. तो गावात उभा राहतो, येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाचावा म्हणून. आणि वाचायचा खालून वर. पुन्हा सांगतो, खालून वर!

एक्सरच्या वीरगळांवरची ही लढाई कोणती? शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली, साधारण 1265 ची, असं काही अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं महादेवाच्या पदरी असलेला हेमाद्री लिहितो. काही अभ्यासक मात्र हे दगड त्याहून जुने धरतात.

रविवारी मुलांना घेऊन जा. झिजलेलं कोरीव काम समोरून नीट दिसत नाही. मोबाइलचा दिवा बाजूने धरा, वल्ही उठून दिसतील. रेषा ठळक करायला खडू मात्र फिरवू नका. आणि मुलं जहाजांपाशीच रेंगाळली, तर बोट धरून वरचे पट्टे दाखवा.