साडेसात ते आठ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'रेडिओ आणि जुनी गाणी', आणि वेळ दिलाय दहा मिनिटं. माझ्यानंतर ऑर्केस्ट्रा आहे, त्यामुळे लांबण लावणार नाही. वाद्यं जुळवणारे मघापासून माझ्याकडे बघताहेत!

'जुनी गाणी' म्हटलं की आपल्याकडे ठरावीक पन्नास-साठ गाणी निघतात. गणपतीत तीच, कोजागिरीला तीच, हळदीला तीच. एफएमवरही तीच आणि मोबाइलवरही तीच. छान आहेत, मीही गुणगुणतो. पण ती विसरलंय कोण? मला बोलायचंय ते खरोखर विसरल्या गेलेल्या गाण्यांबद्दल, आणि ती रोज सकाळी न चुकता लावणाऱ्या रेडिओबद्दल.

आमच्या पिढीला ही गाणी मिळाली ती सिलोनमुळे. आता हिंदी गाण्यांसाठी कोलंबोचं स्टेशन कशाला लावायचं, असं नातवंडं विचारतात. त्याचं श्रेय आपल्याच एका मराठी गृहस्थांना. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली नभोवाणी मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताची ओढ आणि सिनेमातल्या गाण्यांची नावड. आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. मग काय, लोकांनी काटा फिरवला तो थेट कोलंबोवर. तिथला शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला, चांगला ताकदीचा. अमीन सायानींची बिनाका गीतमाला तिथूनच सुरू झाली, त्याच साली. दिल्लीला जाग आली आणि 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली. पुढे तिथलं 'भूले बिसरे गीत'ही घरोघरी लागायला लागलं. पण तोवर सिलोनची सवय लागली ती लागलीच.

सकाळी साडेसात ते आठ, 'पुरानी फिल्मों का संगीत'. आम्ही तेव्हा डोंबिवलीला चाळीत राहायचो. मर्फीचा सेट, भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी, एरियल म्हणून. आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. ऐन अंतऱ्याला खरखर. तरी वडील हलायचे नाहीत. शेवटचं गाणं ठरलेलं, कुंदनलाल सैगल यांचं. सैगल लागला की आई डबा भरून पुढ्यात ठेवायची आणि सैगल संपला की वडील चपला घालायचे. सैगल गेले 18 जानेवारी 1947 ला. माझा जन्म त्यानंतरचा. पण माझ्या घरातलं घड्याळ म्हणजे तेच!

मुद्दा असा, की तो सेट माझा नव्हता. काय लावायचं ते मी ठरवत नव्हतो, वडीलही ठरवत नव्हते. कोलंबोत बसलेला निवेदक ठरवायचा. त्यामुळे जोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी, राजकुमारी, जी. एम. दुर्राणी हे लोक मला भेटले. मी होऊन कधीच शोधले नसते. खरं सांगू? त्यातली निम्मी गाणी बेताचीच असायची. पण चांगल्या-वाईटाची निवड आधीच दुसऱ्या कुणी करून ठेवलेली नसायची, ती आपल्या कानाने करायची असायची.

आणि नावं! प्रत्येक गाण्याआधी सिनेमा, गायक, संगीतकार, गीतकार. 'महल' आला 1949 साली. त्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या मधुबालाच्या पात्राचं नाव. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे पत्रं धाडली, की बाई कोण ते सांगा. तेव्हा लताबाईंचं नाव लोकांना कळलं. संगीतकार स्नेहल भाटकर यांचं मूळ नाव वासुदेव, 'स्नेहल' ही त्यांची मुलगी. 'बडी माँ'चे के. दत्ता म्हणजे आपले दत्ता कोरगावकर. ही माहिती मला पुस्तकातून नाही मिळाली, रेडिओ ऐकणाऱ्या माणसांच्या गप्पांतून मिळाली. त्यातलं निम्मं तर बी विंगच्या काकांकडून.

काका म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे, जुन्या सभासदांना सांगायला नको. कमी ऐकू यायचं, त्यामुळे आवाज मोठा. एका वार्षिक सभेत रीतसर तक्रार आली, चर्चा झाली, काकांनी मुकाट्याने खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत तक्रार करणारेच त्यांच्या दारात! "काका, खिडकी उघडा हो. सैगल ऐकू येत नाही आणि मुलाची स्कूलबस चुकते."

काका रेडिओ ऐकताना वही घेऊन बसायचे, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं. मागच्या वर्षी ते गेले. मुलगा परदेशातून आला, त्याला महिन्याच्या आत घर रिकामं करायचं होतं. रद्दीवाल्याच्या तराजूवर वर्तमानपत्रांबरोबर चौदा वह्या चढल्या होत्या, त्या आमच्या हिने उतरवून घेतल्या. रद्दीवाल्याने वजनाप्रमाणे पैसे मागितले, ते दिले.

पहिली वही 1963 ची, शेवटची 2011 ची. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने. तारीख, सिनेमा, साल, गायक, संगीतकार, गीतकार. शेवटच्या रकान्यात शेरा. 'खरखर.' 'पाऊस, निम्मंच ऐकलं.' 'आज प्रथमच लावलं.' निवेदकाने सांगितलेलं नाव ऐकू आलं नसेल तर जागा कोरी. पुढे कधीतरी ते गाणं पुन्हा लागलं की मागे जाऊन वेगळ्या शाईने भरलेली. काही जागा तीस वर्षांनी भरल्यात. 2006 मध्ये सलग तेरा दिवस फक्त तारखा आहेत, पुढे काही नाही. काकू गेल्या ते दिवस. चौदाव्या दिवशी पुन्हा सुरू, त्याच अक्षरात.

यातल्या कितीतरी सिनेमांच्या नावांनी मी मोबाइलवर शोध घेतला. काहींचं एखादं गाणं सापडतं, काहींचं काहीच नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', 1931 चा, त्याचीसुद्धा प्रत आज उरलेली नाही, तिथे या बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?

आता कामाचं. वह्यांचे कागद पिवळे पडलेत, पहिल्या तिघांची शाई उडत चाललीय. ए विंगमधल्या एका कॉलेजच्या मुलीने एका वहीचे फोटो काढलेत, तेरा बाकी आहेत. फोटो काढणारे हवेत आणि त्यावरून संगणकावर उतरवून घेणारेही हवेत. काकांचं अक्षर मोडीच्या वळणाचं आहे, तेव्हा ज्येष्ठांनी शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल. नावांत शंका आली तर मी आहेच. वह्या सोसायटी ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवल्यात. चावी सेक्रेटरींकडे आहे, रविवारी दहानंतर ऑफिस उघडं असतं.